घर विकताना आणि मुलांच्या कॉलेजसाठी साठवताना: अमेरिकेतल्या राज्याच्या आयकराचा हिशेब

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक नियम पाठ असतो. राहतं घर विकलं तर नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. नियम खरा आहे, पण तो फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आहे. तुम्ही ज्या राज्यात राहता त्याचा स्वतःचा आयकर कायदा असतो, स्वतःचे दर असतात, आणि घर पेन्सिल्व्हेनियात आहे की कॅलिफोर्नियात यावर हजारो डॉलरचा फरक पडतो. मुलांच्या शिक्षणासाठी उघडलेल्या ५२९ खात्याचंही तसंच आहे. त्यातल्या पैशाची वाढ फेडरल करातून सुटते. पण पैसे भरताना सूट मिळेल का आणि दिलेली सूट पुढे परत मागितली जाईल का, हे राज्य ठरवतं.

घर विकणं, दुसऱ्या राज्यात जाणं आणि कॉलेजसाठी पैसे बाजूला काढणं ही तीन कामं बहुतेकांच्या आयुष्यात एकाच सुमारास येतात. त्यांचा क्रम आधी ठरवला तर कर बराच कमी होतो. सह्या झाल्यावर सीपीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या सनदी लेखापालाकडे, गेलात तर त्याच्या हातात फक्त आकडे भरणं उरतं. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. ज्या पायरीवर लोक जास्त पैसे घालवतात तिथे जास्त थांबलो आहे.

पहिली पायरी: तुमच्यावर कोणत्या राज्याचा हक्क आहे ते ठरवा

दोन प्रश्न आहेत. विक्रीच्या दिवशी तुम्ही कोणत्या राज्याचे रहिवासी होता? आणि जमीन कोणत्या राज्यात आहे? घर ज्या राज्यात असतं त्याचा त्या नफ्यावर पहिला हक्क असतो, मग मालक कुठेही राहो. तुमचं राहतं राज्यही तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, मात्र दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट देतं, म्हणजे तो आपल्या करातून वजा करतं. त्यामुळे टेक्सासला गेल्यावर फ्रीमाँटचं भाड्याने दिलेलं घर विकलं तरी कॅलिफोर्नियाचा कर चुकत नाही. तिथलं अनिवासी विवरणपत्र भरावंच लागतं.

टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी, वायोमिंग, साउथ डकोटा, अलास्का आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत आज घरविक्रीच्या नफ्यावर आयकर लागत नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२२ पासून मोठ्या भांडवली नफ्यावर कर आणला, त्यामुळे सिॲटलकडचे बरेच जण घाबरले होते. पण त्या करातून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. शेअर विकणाऱ्याला तो लागतो, घर विकणाऱ्याला नाही. घर विकणाऱ्याला तिथे हस्तांतरणाचा वेगळा कर भरावा लागतो, पण तो आयकर नव्हे.

वर्षाच्या मधे राज्य बदललं तर दोन्ही राज्यांत अर्ध्या वर्षाची विवरणपत्रं भरावी लागतात. अशा वेळी स्थलांतराची तारीख कागदांवर दिसली पाहिजे. नवा ड्रायव्हिंग लायसन्स, नव्या घराची लीज किंवा डीड, गाडीची नोंदणी, मुलांचा शाळाप्रवेश, सामान हलवणाऱ्या कंपनीची पावती, हे सगळं जपून ठेवा. न्यूयॉर्कमध्ये आणखी एक अडचण आहे. तिथे तुमचं कायमचं राहण्याजोगं घर असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तुम्ही तिथे घालवले, तर मूळ घर दुसरीकडे असलं तरी ते राज्य तुम्हाला रहिवासी मानू शकतं.

दुसरी पायरी: राहत्या घराचा खरा नफा काढा

विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत, एवढ्यावर थांबू नका. खरेदीच्या किमतीत टायटल इन्शुरन्ससारखे (मालकीहक्काचा विमा) क्लोजिंगचे, म्हणजे व्यवहार पूर्ण करतानाचे, काही खर्च मिळवता येतात. घरात केलेल्या कायमच्या सुधारणाही मिळवता येतात: नवं छप्पर, बेसमेंट पूर्ण करणं, स्वयंपाकघराचं नूतनीकरण, डेक, घर गरम-थंड ठेवणारी नवी एचव्हीएसी यंत्रणा. रंगकाम, गळती बुजवणं अशी दुरुस्ती धरली जात नाही. विक्रीच्या बाजूने एजंटचं कमिशन आणि विक्रीचा खर्च वजा होतो.

उदाहरण घेऊ. एका जोडप्याने २०१२ मध्ये ७ लाख डॉलरला घर घेतलं, ८० हजारांच्या सुधारणा केल्या आणि १९ लाखांना विकलं. विक्रीचा खर्च ९५ हजार. म्हणजे नफा १० लाख २५ हजार. त्यातले ५ लाख सुटले, ५ लाख २५ हजार करपात्र राहिले. ८० हजारांच्या पावत्या हरवल्या असत्या तर करपात्र नफा ६ लाख ५ हजार झाला असता. घरखरेदीच्या दिवसापासून पावत्यांची एक फाइल ठेवा, असं मी प्रत्येक नव्या घरमालकाला आग्रहाने सांगतो.

सूट मिळायला विक्रीआधीच्या ५ वर्षांत किमान २ वर्षं घर तुमच्या मालकीचं असावं आणि किमान २ वर्षं तुम्ही तिथे राहिलेले असावेत. ही २ वर्षं सलग असण्याची गरज नाही. एकट्याला अडीच लाख, एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला ५ लाख. दर २ वर्षांतून एकदाच ती घेता येते. नोकरीसाठी दूर जावं लागलं, आजारपण आलं, तर २ वर्षं पूर्ण नसतानाही प्रमाणात सूट मिळते. हे सगळं नागरिकत्वावर अवलंबून नाही. एच-१बी वर असलेल्या कुटुंबालाही हीच सूट आहे.

आता राज्य. बहुतेक राज्यं फेडरलची ही सूट जशीच्या तशी मानतात. फरक उरलेल्या नफ्यात पडतो. वरचं घर कॅलिफोर्नियात असेल तर तिथे दीर्घ मुदतीच्या नफ्याला सवलतीचा दर नाही, पगारासारखाच कर लागतो. ५ लाख २५ हजारांवर नुसत्या ९.३ टक्क्यांनी धरले तरी ४८,८२५ डॉलर होतात, आणि उत्पन्न मोठं असेल तर वरचे टप्पे लागून त्याहून जास्त. कॅलिफोर्नियाचा सर्वात वरचा दर १३.३ टक्के आहे.

तेच घर पेन्सिल्व्हेनियात असतं तर राज्याचा कर शून्य. तिथे ५ लाखांची मर्यादाच नाही. मालकी आणि वास्तव्याच्या अटी पूर्ण केल्या की राहत्या घराचा संपूर्ण नफा राज्याच्या आयकरातून सुटतो. फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना हे ठाऊक नसतं, आणि फेडरलचा करपात्र आकडा ते राज्याच्या विवरणपत्रातही भरून बसतात. तुमचं विवरणपत्र सॉफ्टवेअरवर भरत असाल तर हा आकडा स्वतः तपासा.

आणखी काही राज्यांचे नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. साउथ कॅरोलायना दीर्घ मुदतीच्या निव्वळ नफ्यातला ४४ टक्के भाग वगळतं, विस्कॉन्सिन ३० टक्के. मिझुरीने २०२५ पासून व्यक्तींच्या भांडवली नफ्यावरचा कर काढून टाकला. उलट दिशेने मेरीलँडने २०२५ पासून साडेतीन लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्यांच्या भांडवली नफ्यावर २ टक्के जादा कर लावला, पण १५ लाखांखालच्या राहत्या घराला तो लागू नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा लाखांहून थोड्या वर असलेल्या रेषेपुढच्या उत्पन्नाला ४ टक्के अधिभार आहे. ज्या वर्षी घर विकाल त्या एका वर्षी तुम्ही त्या रेषेच्या वर जाऊ शकता. न्यू जर्सीत भांडवली तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही. घराच्या नफ्यासमोर शेअरचा तोटा लावायचा असेल तर तो त्याच वर्षी घ्यावा लागतो.

तिसरी पायरी: क्लोजिंगच्या टेबलावर कापली जाणारी रक्कम

न्यू जर्सी सोडून जाणाऱ्यांत 'एक्झिट टॅक्स'ची मोठी धास्ती असते. असा कोणताही वेगळा कर नाही. अनिवासी विक्रेत्याकडून राज्य आयकराची आगाऊ रक्कम घेतं, एवढंच. ती नफ्याच्या १०.७५ टक्के असते आणि विक्रीकिमतीच्या २ टक्क्यांपेक्षा कमी नसते. ८ लाखांचं भाड्याने दिलेलं घर तोट्यात विकलं तरी १६ हजार डॉलर तिथेच भरावे लागतात. वर्षअखेरीला अनिवासी विवरणपत्र भरून जास्तीचे परत घ्यायचे.

विकलं जाणारं घर तुमचं राहतं घर असेल आणि फेडरल सूट लागू असेल तर जीआयटी/आरईपी-३ हा फॉर्म भरून ही आगाऊ रक्कम टाळता येते. तुम्ही राज्य सोडून निघाला असाल तरीही. क्लोजिंगच्या आधीच वकिलाकडे या फॉर्मची चौकशी करा. त्या दिवशी टेबलावर शंभर कागद असतात आणि ट्रक दारात उभा असतो. अशा वेळी चुकीच्या चौकटीत खूण झाली तर पैसे महिनोन्महिने अडकतात.

कॅलिफोर्नियात फॉर्म ५९३ आहे. सूट नसेल तर व्यवहाराचे पैसे सांभाळणारी एस्क्रो कंपनी विक्रीकिमतीच्या ३.३३ टक्के कापून राज्याकडे पाठवते. १२ लाखांच्या घरावर ते जवळपास ४० हजार होतात. राहतं घर, किंवा तोट्यातली विक्री, असं प्रमाणित केलं तर कपात नाही. किमतीऐवजी प्रत्यक्ष नफ्यावर कापा असाही पर्याय फॉर्ममध्ये असतो. नफा थोडा असेल तर तोच घ्या. न्यूयॉर्कमध्ये अनिवासींसाठी आयटी-२६६३ हा फॉर्म हेच काम करतो.

चौथी पायरी: घर भाड्याने देऊन दुसरीकडे गेला असाल तर

न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर ठेवून नोकरीसाठी टेक्सासमधल्या डॅलसला जायचं, घर भाड्याने द्यायचं, 'बघू पुढे' म्हणायचं, हे फार सर्रास होतं. ५ पैकी २ वर्षांच्या अटीचा अर्थ असा, की घर सोडल्यापासून ३ वर्षांच्या आत विकलं तरच राहत्या घराची सूट मिळते. ३ वर्षं आणि एक दिवस झाला की पूर्ण नफा करपात्र. घर सोडलेल्या दिवसाची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला आणि अडीच वर्षांनी आठवण लावा.

भाड्याच्या काळात घेतलेला घसारा सुटत नाही. ३ वर्षांच्या आत विकलं तरी त्या घसाऱ्याइतका नफा फेडरलमध्ये २५ टक्क्यांपर्यंतच्या दराने करपात्र असतो, आणि राज्यही आपला वाटा घेतं. घसारा घेतलाच नाही असं म्हणूनही उपयोग नाही. घेता आला असता तेवढा घेतला असंच धरलं जातं.

भारतात परत जायचं ठरत असेल तर विक्री निघण्याआधी करता येते का ते पाहा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसताना भारतात स्थायिक झाल्यावर घर विकलं, तर खरेदीदाराला साधारणपणे किमतीच्या १५ टक्के रक्कम फेडरल सरकारसाठी कापावी लागते. घर १० लाख डॉलरपर्यंतचं असेल आणि खरेदीदार स्वतः राहणार असेल तर १० टक्के, ३ लाखांपर्यंतचं असेल तर काहीच नाही. राज्याची कपात त्याच्या वर. विक्री परतल्यावरच होणार असेल तर भारतातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांकडे लक्ष द्या. त्या काळात बहुतेक परतणाऱ्यांना आरएनओआर (निवासी, पण साधारणतः निवासी नसलेला) दर्जा असतो आणि परदेशातल्या घराच्या नफ्यावर भारत कर लावत नाही.

पाचवी पायरी: पुण्यातला फ्लॅट विकला तर तुमचं राज्य काय म्हणेल

या पायरीवर जरा थांबून वाचा. बहुतेकांना वाटतं की भारतात कर भरला, दोन देशांत करार आहे, विषय संपला. फेडरल पातळीवर हे बऱ्याच अंशी खरं आहे. फॉर्म १११६ भरून भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. पण भारत-अमेरिका करार फक्त फेडरल करापुरता आहे, राज्यं त्याला बांधलेली नाहीत. कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही. न्यू जर्सी देत नाही. पेन्सिल्व्हेनियाने २०१४ पासून बंद केलं. नॉर्थ कॅरोलायना मर्यादा घालून का होईना पण देतं.

आकड्यांत पाहू. समजा २०१० मध्ये ४५ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५ मध्ये १ कोटी ७० लाखांना विकला. भारतात नफा १ कोटी २५ लाख. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीकिंमत वाढवून धरणं) नाही. जुन्या मालमत्तेसाठी २० टक्के आणि इंडेक्सेशनचा जो पर्याय ठेवला आहे तो निवासींसाठी, एनआरआयना नाही. १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के सेस धरून भारतातला कर सुमारे १८ लाख ६९ हजार रुपये होतो.

अमेरिकेत हिशेब डॉलरमध्ये करायचा, आणि प्रत्येक रकमेला तिच्या दिवसाचा भाव लावायचा. खरेदीच्या वेळी डॉलर ४५ रुपये होता असं धरलं तर किंमत १ लाख डॉलर. विक्रीला ८५ धरला तर २ लाख डॉलर. नफा १ लाख डॉलर. रुपयातला नफा विक्रीच्या दिवसाच्या भावाने बदलला असता तर तो १ लाख ४७ हजार आला असता. ही चूक सरसकट होते आणि त्यावर नाहक कर भरला जातो.

या १ लाखावर फेडरल कर १५ टक्क्यांनी १५ हजार. भारतात भरलेला कर जवळपास २२ हजार डॉलर असल्याने तो क्रेडिटमध्ये पुसला जातो आणि उरलेलं क्रेडिट १० वर्षांपर्यंत पुढे नेता येतं. उत्पन्न जास्त असेल तर ३.८ टक्क्यांचा गुंतवणूक उत्पन्नावरचा कर लागतो, त्यात हे क्रेडिट सहसा चालत नाही. आणि मग राज्य: ९.३ टक्क्यांच्या टप्प्यातल्या कॅलिफोर्नियातल्या कुटुंबाला ९,३०० डॉलर, ६.३७ टक्क्यांच्या टप्प्यातल्या न्यू जर्सीतल्या कुटुंबाला ६,३७०, टेक्सासमधल्याला शून्य. टेक्सासला जायचं नक्की झालं असेल तर पुण्यातला व्यवहार खरोखर तिकडे स्थिरावल्यानंतर नोंदवा. कागदोपत्री पत्ता बदलून हे साधत नाही, पहिल्या पायरीतले सगळे पुरावे लागतात.

वारसाहक्काने आलेल्या घराचं गणित वेगळं आहे आणि ते बऱ्याचदा तुमच्या बाजूचं असतं. भारत वडिलांची मूळ किंमत धरतो. घर २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते. अमेरिकेत मात्र मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत हीच तुमची खरेदीकिंमत. समजा वडील २०१९ मध्ये गेले तेव्हा घर १ कोटी २० लाखांचं होतं आणि डॉलर ७० रुपये, म्हणजे सुमारे १ लाख ७१ हजार डॉलर. तेच घर १ कोटी ४० लाखांना डॉलर ८५ असताना विकलं तर हाती १ लाख ६५ हजार डॉलर. डॉलरमध्ये नफा उरतच नाही. फेडरल कर नाही, राज्याचाही नाही. यासाठी मृत्यूच्या तारखेचा मूल्यांकन अहवाल सरकारमान्य व्हॅल्युअरकडून घ्या. तो नंतरही करून मिळतो, पण लवकर केलेला बरा. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करून घर दिलं असेल तर ही सवलत नाही, त्यांचीच जुनी किंमत तुमच्याकडे येते. आई-वडील बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांत निवड करत असतील तर त्यांच्याशी हे आत्ताच बोला. विषय अवघड वाटतो, पण न बोलण्याची किंमत मोठी आहे.

भारतातला कर वाचवताना सावध राहा. पुन्हा घर घेऊन किंवा ५० लाखांपर्यंतचे ठरावीक रोखे घेऊन तिथला कर टळतो, पण अमेरिका त्या सवलती मानत नाही. भारतात कर भरला नाही तर क्रेडिट नाही, आणि मग फेडरल आणि राज्य दोन्ही कर खिशातून जातात. म्हणजे भारतात वाचवलेले पैसे बऱ्याचदा अमेरिकेत भरायचे. दोन्हीकडचा हिशेब शेजारी शेजारी मांडल्याशिवाय रोखे घेऊ नका.

नुकतेच अमेरिकेत आलेल्यांसाठी एक चांगली गोष्ट. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तुम्ही स्वतः राहत होता आणि तो सोडून ३ वर्षं झाली नसतील, तर राहत्या घराची अडीच किंवा ५ लाखांची सूट त्यालाही लागते. घर अमेरिकेतच असावं अशी अट नाही. ही सूट मानणारं राज्यही मग कर लावत नाही.

आणि खरेदीदार टीडीएस पूर्ण विक्रीकिमतीवर कापतो हे विसरू नका. व्यवहाराआधी आयकर खात्याकडून कमी टीडीएसचं प्रमाणपत्र घेतलं तर रक्कम अडकत नाही. अर्ज मंजूर व्हायला आठवडे लागतात, म्हणून साठेखताच्या आधीपासून सीएच्या मागे लागा.

सहावी पायरी: ५२९ खातं आणि राज्याची सूट

५२९ मध्ये भरलेल्या पैशावर फेडरल सूट नाही. वाढ आणि शिक्षणासाठी काढलेले पैसे करमुक्त. भरताना सूट द्यायची की नाही ते राज्य ठरवतं.

कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलायना, हवाई आणि केंटकी काहीच देत नाहीत. तिथे राहत असाल तर आपल्याच राज्याचा प्लॅन घेण्याचं बंधन नाही. कमी खर्चाचा कोणत्याही राज्याचा प्लॅन घ्या. न्यूयॉर्क जोडप्याला वर्षाला १० हजारांपर्यंत वजावट देतं, इलिनॉय २० हजारांपर्यंत, मिशिगन १० हजार, पण ती आपापल्या राज्याच्या प्लॅनलाच. न्यू जर्सीने २०२२ पासून १० हजारांची वजावट सुरू केली, मात्र उत्पन्न २ लाखांच्या आत असणाऱ्यांनाच. दोघं नोकरी करणाऱ्या बऱ्याच घरांना ती मिळत नाही. पेन्सिल्व्हेनिया इथेही उदार आहे. कोणत्याही राज्याचा प्लॅन चालतो आणि प्रत्येक मुलामागे भेटकराच्या वार्षिक मर्यादेइतकी वजावट मिळते, २०२५ साठी १९ हजार. इंडियाना वजावट न देता थेट क्रेडिट देतं: भरलेल्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १,५०० डॉलर. व्हर्जिनियात प्रत्येक खात्यामागे वर्षाला ४ हजार, पण जास्त भरलेलं पुढच्या वर्षांत नेता येतं.

याची किंमत किती ते बघा. इलिनॉयचा दर ४.९५ टक्के, २० हजार भरले तर ९९० डॉलर वाचतात. पेन्सिल्व्हेनियात ३.०७ टक्क्यांनी १९ हजारांवर ५८३ डॉलर. दरवर्षी मिळणारे हे पैसे सोडू नका. मुदत बहुतेक ठिकाणी ३१ डिसेंबर आहे. जॉर्जिया, विस्कॉन्सिनसारखी मोजकी राज्यं एप्रिलपर्यंत थांबतात.

आता सावधगिरी. राज्याने दिलेली सूट राज्य परतही मागतं. न्यूयॉर्कच्या प्लॅनमधून पैसे दुसऱ्या राज्याच्या प्लॅनमध्ये हलवले तर आधी घेतलेली वजावट उत्पन्नात परत मिळवावी लागते. म्हणून राज्य बदललं की जुनं खातं घाईने हलवू नका. जुनं तसंच राहू द्या आणि नव्या राज्यात सूट असेल तर दुसरं खातं उघडा. एका मुलाची दोन खाती असायला हरकत नाही.

शाळेच्या फीचंही असंच. फेडरल नियमाने बारावीपर्यंतच्या खर्चासाठी वर्षाला १० हजार काढता येत होते, २०२६ पासून २० हजार. पण न्यूयॉर्क आणि इलिनॉय हा खर्च मानत नाहीत, आणि तिथे घेतलेली वजावट परत द्यावी लागते. खासगी शाळेची फी ५२९ मधून भरण्याआधी आपल्या राज्याच्या करखात्याचं पान वाचा.

पैसे काढताना एक नियम कडक पाळा: ज्या कॅलेंडर वर्षात कॉलेजला पैसे भरले त्याच वर्षात खात्यातून काढा. जानेवारीची फी डिसेंबरमध्ये भरली तर पैसेही डिसेंबरमध्येच. फी, पुस्तकं, कॉम्प्युटर, आणि किमान अर्धवेळ शिकत असेल तर राहणं-जेवण चालतं. विमानाचं तिकीट चालत नाही. उत्पन्न बसत असेल तर ४ हजारांची फी ५२९ बाहेरून भरा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठीचं अडीच हजारांचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी हे फेडरल क्रेडिट मिळतं. एकाच खर्चावर दोन्ही घेता येत नाहीत. चुकीच्या कामासाठी पैसे काढले तर वाढीवर आयकर आणि १० टक्के फेडरल दंड, कॅलिफोर्नियात वर अडीच टक्के.

मूल भारतात शिकायला जाणार असेल तर ती संस्था अमेरिकेच्या शिक्षणखात्याच्या पात्र यादीत आहे का ते आधी पाहा. आणि कुटुंबच परत जाणार असेल तर भारतीय कायद्यात ५२९ साठी वेगळी सवलत नाही हे धरून चाला.

उरलेल्या पैशांची फार चिंता करू नका. धाकट्या भावंडाचं नाव लावता येतं. खातं १५ वर्षं जुनं असेल तर मुलाच्या रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात, आयुष्यभरात ३५ हजारांपर्यंत हलवता येतात, दरवर्षीच्या मर्यादेत. या एका कारणासाठी बाळ झाल्या झाल्या थोडक्या रकमेचं का होईना खातं उघडावं असं माझं ठाम मत आहे. त्या १५ वर्षांची मोजणी लवकर सुरू होते.

सातवी पायरी: दोन्ही एकाच वर्षात असतील तर

घर विकून आलेल्या पैशातून ५२९ मध्ये मोठी रक्कम टाकण्याची सोय आहे. ५ वर्षांची भेट एकदम देता येते: एकाला ९५ हजार, जोडप्याला १ लाख ९० हजार, प्रत्येक मुलासाठी. त्यासाठी दोघांनी फॉर्म ७०९ हे भेटकराचं विवरणपत्र भरायचं. पण राज्याची वजावट मात्र वार्षिक मर्यादेतच मिळते. इलिनॉयमध्ये १ लाख एकदम टाकले तरी वजावट २० हजारांचीच, बाकीची वाया. तिथे ५ वर्षं २०-२० हजार टाकले तर ४,९५० डॉलर वाचतात. बाजारात लवकर गुंतवण्याचा फायदा त्याहून मोठा वाटत असेल तर एकदम टाका. पण हे दोन आकडे एकदा कागदावर मांडा.

राज्य बदलताय तर क्रम असा पाहा. कॅलिफोर्नियातून इलिनॉयला जाणाऱ्याने ५२९ चे पैसे इलिनॉयचे रहिवासी झाल्यावर भरावेत, आधी भरले तर सूट शून्य. इलिनॉयमधून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्याने निघण्याआधी भरावेत. अमेरिकेतलं घर मात्र कुठेही राहून विकलं तरी घराच्या राज्याचा कर लागणारच, त्यामुळे त्याच्या तारखेने राज्याचा कर फारसा हलत नाही, ३ वर्षांची मुदत तेवढी सांभाळायची. पुण्यातल्या फ्लॅटची तारीख सर्वात जास्त फरक पाडते.

आठवी पायरी: तिमाही कर

मोठा नफा झाला आणि क्लोजिंगला काही कापलं गेलं नाही, तर एप्रिलपर्यंत थांबू नका. फेडरल आणि राज्य दोघांनाही अंदाजित कर तिमाहीने हवा असतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. उशीर झाला तर दोघांचा वेगवेगळा दंड लागतो. कॅलिफोर्नियाचे हप्ते समान नाहीत: एप्रिलला ३० टक्के, जूनला ४०, सप्टेंबरला काही नाही, जानेवारीला ३०. पुण्याचा व्यवहार मे महिन्यात नोंदवला असेल तर राज्याचा हप्ता १५ जूनच्या आत ऑनलाइन भरा आणि पावती त्याच घराच्या फाइलमध्ये लावा. भारतातला पैसा एनआरओ खात्यातून (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं बँकखातं) इकडे यायला वेळ लागतो, त्यामुळे या हप्त्याची सोय अमेरिकेतल्या बचतीतून आधीच करून ठेवा.